इंद्रभान किनगे पार्काला निघतात

इंद्रभान किनगे पुस्तक वाचल्याशिवाय कुठल्याच कामाला हात घालत नसत, आणि पुस्तक वाचून झालं की बहुतेक वेळा त्या कामाला हात घालायची त्यांना गरजच वाटत नसे. धामणगाव बढेत बसस्टँडसमोर त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. दुकान चालवायचा त्यांचा मुलगा ऋत्विक. इंद्रभानभाऊ गल्ल्याच्या मागच्या खुर्चीत बसून वाचायचे. शेळीपालनावरचं पुस्तक त्यांनी इतकं बारकाईनं वाचलं होतं की मोताळा तालुक्यातली माणसं शेळीच्या दुखण्याचं विचारायला त्यांच्याकडे येत. पण किनग्यांच्या अंगणात शेळीनं कधी पाय ठेवला नाही. पोहणंही ते पुस्तकावरूनच शिकले. खाटेवर पालथं पडून महिनाभर हातपाय मारले, श्वास कधी घ्यायचा ते पाठ केलं, आणि विहिरीवर गेले ते काठावर उभं राहून दुसऱ्यांच्या चुका काढायला. गावात त्यांना ‘अभ्यासू माणूस’ म्हणत. काही जण ते हसू दाबून म्हणत, पण इंद्रभानभाऊंना शब्द ऐकू येई, हसू दिसत नसे.

तर अशा या माणसाच्या नातीनं, प्रेरणानं, एका रविवारी जेवताना हट्ट धरला. तिच्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर ‘मायालोक’ थीम पार्कात जाऊन आली होती. मुंबईच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी, नवीनच निघालेला पार्क. तिथं म्हणे आकाशात उलटी होणारी गाडी होती, लाटांचा तलाव होता आणि खोटं खोटं भूत होतं.

“या सुट्टीत जाऊन येऊ ना बाबा,” प्रेरणा म्हणाली.

“जाऊ की,” ऋत्विक म्हणाला. “मलकापूरहून रात्रीच्या गाडीत बसलं का सकाळी तिकडं. त्यात काय आहे?”

इंद्रभानभाऊंनी भाकरीचा घास ताटातच ठेवला. “त्यात काय आहे? अरे, असं उठलं का सुटलं, असं जाता येत नसते. आपल्याले तिथलं काही मालूम आहे का? कोणत्या झुल्यात आधी बसायचं, कोणत्यात नंतर? गर्दी कवा असते? पोरीले काही झालं तं? आधी अभ्यास करा लागते. मी पाहतो.”

‘मी पाहतो’ हे शब्द ऐकले आणि सून प्रतीक्षानं प्रेरणाच्या ताटात आणखी एक चमचा साखर वाढली. सांत्वनापुरताच तिला घरात अधिकार होता. शालूबाई, म्हणजे इंद्रभानभाऊंच्या पत्नी, भाकरी मोडत राहिल्या. एकदा माहेरी जायलाही त्यांनी नवऱ्याचं भूगोलाचं पुस्तक येईपर्यंत वाट पाहिलेली होती.

दुसऱ्याच दिवशी इंद्रभानभाऊ घाट चढून बुलढाण्याला गेले. पुस्तकाच्या दुकानात शाळा-कॉलेजची गर्दी होती.

“गाईड पाह्यजे,” ते म्हणाले.

“दहावीचं का बारावीचं?” दुकानदारानं वर न बघता विचारलं.

“थीम पार्कचं.”

दुकानदारानं आता वर पाहिलं. “हा विषय नवीन आला का? कोणत्या बोर्डाले?”

इंद्रभानभाऊंनी त्याला सविस्तर समजावलं. दुकानदार सज्जन असावा, कारण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साडेतीन शक्तिपीठांच्या यात्रेचं एक पुस्तक पुढे केलं. “सध्या हेच निघून राह्यलं,” तो म्हणाला. इंद्रभानभाऊ बुलढाण्याच्या शैक्षणिक पातळीबद्दल खेद करत घाट उतरले.

मग ऋत्विककडून त्यांनी मोबाईलवर एक इंग्रजी पुस्तक मागवलं. निवडताना त्यांनी एकच कसोटी लावली, ती जाडीची. पुस्तक आलं ते उशीइतकं. गुळगुळीत कागद, पानापानाला नकाशे, आणि मुखपृष्ठावर दात काढून हसणारं एक गोरं कुटुंब. इंद्रभानभाऊंनी त्याला कुंकू लावलं. प्रतीक्षा बी.एड. होती, म्हणून तिला रोज दुपारी भांडी झाल्यावर त्यातली पानं समजावून सांगायला बसवलं जाऊ लागलं.

“मामाजी,” तिसऱ्या दुपारी ती धीर करून म्हणाली, “हे पुस्तक अमेरिकेतल्या पार्काचं आहे.”

“मंग?”

“आपल्याले तिथं नाही जायचं.”

“अवं, झुला तो झुला. तो का अमेरिकेत वेगळा असते? इथं का तो उलटा फिरते?”

“फिरते ना मामाजी. उलटाच फिरते. पोरगी त्याच्यासाठीच रडून राह्यली.”

यावर इंद्रभानभाऊंनी पान उलटलं. अमेरिकेच्या पुस्तकानं सांगितलं होतं की खोली सहा महिने आधी राखून ठेवावी, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रश्न मिटला. आता निघणं शक्यच नव्हतं. प्रेरणाला हे सांगताना आजोबांचा चेहरा एखाद्या डॉक्टरसारखा गंभीर होता. अमेरिकेच्या पुस्तकात असंही होतं की अमुक उंचीच्या आतल्या मुलांना मोठ्या झुल्यात घेत नाहीत. म्हणून दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ ओढून प्रेरणाला रोज तिथं उभं केलं जाई. पोरगी तशी उंचच होती, पण रेघ फुटांत होती की इंचांत, यावर आजोबांचाच गोंधळ होता.

दुसरं पुस्तक पुण्याहून आलं. ते एका नवरा-बायकोनं मिळून लिहिलं होतं. पातळ, रंगीत, आणि पानोपानी त्या दोघांचेच फोटो: झुल्यासमोर दोघं, आईस्क्रीमसमोर दोघं, प्रसाधनगृहाच्या पाटीखाली दोघं. झुल्याची माहिती दोन ओळींत आणि तिथं काय खाल्लं ते दोन पानांत. “सकाळी प्रथम पोटभर न्याहारी करावी” हा त्यांचा मुख्य सल्ला. अमेरिकेचं पुस्तक म्हणत होतं की दार उघडताच सगळ्यात लांबच्या टोकाला धावत सुटावं आणि तिथून मागे यावं. पोटभर न्याहारी करून धावायचं कसं, हा पेच इंद्रभानभाऊंनी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे मांडायला सुरुवात केली.

“किनगेभाऊ,” मिरचीच्या वाफ्यासाठी नळीचे जोड घ्यायला आलेले उत्तमराव एकदा कळवळून म्हणाले, “माझं पाणी चालू आहे वावरात. आधी जोड द्या, मंग धावू आपण.”

“जोडाचं काय घेऊन बसले? पण तुमी सांगा, लांबून सुरू करायचं का जवळून?”

“माझ्या वावरात तं मी मोटारीपासून सुरू करतो,” उत्तमराव म्हणाले. इंद्रभानभाऊंना तेही मत विचार करण्यासारखं वाटलं.

तिसरं पुस्तक मात्र त्यांना शेगावात सापडलं, आणि त्या पुस्तकावर त्यांचा जीव जडला. गुरुवारी दर्शन घेऊन बाहेर पडताना, एका लॉजच्या पायरीवर मांडलेल्या पुस्तकांत ते पडलेलं होतं. ‘मनोरंजन उद्याने: संपूर्ण मार्गदर्शन’. लेखक आणि प्रकाशक शालिग्राम घोंगटे, शेगाव. कागद पिवळट, छपाई वाकडी, पण काय ती प्रकरणं! ‘प्रस्थानापूर्वीची मनाची तयारी’. ‘शिदोरी: कोरडी व ओली’. ‘झुल्यांचे प्रकार व स्वभाव’. ‘पोटात गोळा आल्यास करावयाचे उपाय’. उपाय म्हणून जिभेखाली ओवा धरायला सांगितला होता. आणि पार्क कुठून बघायला सुरू करावा, या प्रश्नावर तर घोंगट्यांनी सरळ निकालच दिला होता: “उद्यानात डावीकडून शिरावे व प्रदक्षिणेच्या मार्गाने फिरावे, मन शांत राहते.”

“पाह्य,” इंद्रभानभाऊंनी घरी येऊन शालूबाईंना सांगितलं, “याले म्हणतात लेखक. ना धावायचं सांगत, ना खायचं. मनाची तयारी सांगते.”

“हो का,” शालूबाई म्हणाल्या. त्या तुरीची डाळ पाखडत होत्या.

“तिथले झुले या माणसानं कोळून प्यालेले आहेत.”

“बरं. मी काय म्हणते, आमच्या बचत गटाची सहल निघून राह्यली. आशाबाई म्हणते का प्रतीक्षाले आणि पोरीले घेऊन ये.”

“हाव,” इंद्रभानभाऊ म्हणाले. ते ‘झुल्यांचे स्वभाव’ वाचत होते.

शालूबाईंनी हे त्यांना पुन्हा एकदा सांगितलं, मग निघायच्या आठवड्यात परत सांगितलं, आणि दर वेळी पुस्तकामागून ‘हाव’ आलं.

इंद्रभानभाऊंच्या डोक्यात त्या दिवसांत वेगळीच खळबळ होती. शिदोरीच्या बाबतीत तिन्ही पुस्तकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. अमेरिका म्हणे, घरचं अन्न आत नेऊ देत नाहीत. पुण्याची जोडी म्हणे, आतली मिसळ अवश्य खावी. घोंगटे म्हणत होते, “दशम्या व लसणाची चटणी सोबत असल्यास माणूस स्वतंत्र राहतो.” सहा महिने उलटून दिवाळीची सुट्टी लागली होती, खोली अजून ठरली नव्हती, कारण दशम्यांचा निकाल लागला नव्हता. शेवटी इंद्रभानभाऊंनी ठरवलं की आता थेट लेखकालाच गाठायचं. तिन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि ते शेगावला निघाले.

घोंगट्यांचं घर स्टेशनापासून जवळच, एका गल्लीत. पहिल्या दिवशी लेखक बाहेरगावी गेला होता, म्हणून इंद्रभानभाऊ लॉजवर मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या सकाळी परत गेले. लेखक म्हणजे बनियन घातलेला, कपाळावर टिळा लावलेला, गोल पोटाचा गृहस्थ निघाला. घोंगट्यांनी कचोरी मागवली. वाचक घरी आल्याचा प्रसंग त्यांच्याही आयुष्यात पहिलाच असावा. भिंतीला लागून त्यांच्याच पुस्तकांच्या थप्प्या होत्या: विवाह जुळवणी, मधमाशीपालन, परदेशप्रवास, वास्तुदोष. सगळ्यांवर ‘संपूर्ण मार्गदर्शन’.

इंद्रभानभाऊंनी खुणा केलेली पानं उघडली. “साहेब, एक शंका आहे. दशम्या आत नेऊ देतात का?”

“द्यायला पाह्यजे,” घोंगटे विचार करून म्हणाले.

“पण तुमी गेले तेव्हा दिल्या का?”

“कुठं गेलो?”

“पार्कात.”

“मी?” घोंगट्यांच्या हातातली कचोरी थांबली. “मले चक्कर येते हो. इथं आनंदसागर बागेतल्या झुकझुक गाडीत बसलो होतो एकदा, तं डोये मिटून.”

इंद्रभानभाऊंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माणसाकडे. “मंग हे सगळं?”

“काही जाहिरातीतून घेतलं. काही पोराच्या मोबाईलवर पाह्यलं. बाकी विवेक.”

“आणि प्रदक्षिणेचं?”

“ते विवेकातून आलं,” घोंगटे नम्रपणे म्हणाले.

दुसरा कुणी असता तर पुस्तक फेकून उठला असता. इंद्रभानभाऊंच्याही कानशिलात क्षणभर कढ आला. पण तो राग टिकला नाही, कारण त्याच्या खाली काहीतरी वेगळंच हळूहळू उमलत होतं. आयुष्यभर घरच्यांनी, गिऱ्हाइकांनी, शेळीवाल्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारून छळलं होतं: “पण तुमी सोता केलं का?” आणि इथं हा माणूस होता, ज्यानं काहीच न करता भिंतभर पुस्तकं लिहिली होती. इंद्रभानभाऊंच्या डोळ्यांत आदर दाटून आला.

“न जाता एवढं!” ते म्हणाले.

“गेलं का माणूस गुंतते,” घोंगटे म्हणाले. “मंग त्याले सगळं दिसत नाही.”

दुपारपर्यंत दोघं बोलत बसले. निघताना घोंगट्यांनी त्यांचा हात धरला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, तुमच्यासारखा अभ्यासू माणूस जोडीला मिळाला तर दोघांचंही नाव घालू, असं ते म्हणाले. इंद्रभानभाऊ मलकापूरपर्यंत गाडीत उभे होते. बसायला जागा होती, पण त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

घरी पोचले तर ऋत्विक चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, खिचडीचं तळ खरवडत होता.

“बाकीचे कुठं गेले?”

“गेल्या ना सगळ्या. आई, प्रतीक्षा, प्रेरणा.”

“कुठं?”

“मायालोकले. बचत गटाची गाडी लागली होती काल. आईनं तुमाले सांगितलं नव्हतं का?”

इंद्रभानभाऊ पिशवीसकट खाली बसले. “खोली न घेता?”

“गाडीतच झोपणार म्हणे.”

“आणि शिदोरी?”

“ठेचा-भाकर नेली.”

त्या रात्री इंद्रभानभाऊंनी खिचडी खाल्ली नाही. त्यांना काळजी वाटत होती, असं ते ऋत्विकला म्हणाले. खरं तर त्यांना आपल्या हातातलं पीक कुणी रातोरात कापून नेल्यासारखं वाटत होतं.

बायका परत आल्या त्या उन्हानं रापलेल्या, घसे बसलेल्या आणि विनाकारण हसणाऱ्या. प्रेरणा गाडीतून उतरतानाच झोपेत होती. इंद्रभानभाऊंनी पत्नीला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही. ते कागद-पेन घेऊन समोर बसले.

“आत शिरल्यावर कोणत्या बाजूले गेल्या?”

“जिकडं सावली होती तिकडं,” शालूबाई म्हणाल्या.

“पहिला झुला कोणता?”

“नाव कोण पाह्यते? लाल होता. नाही व प्रतीक्षा?”

“केशरी होता आई.”

“शिदोरी नेऊ दिली का?”

“गेटवरच ठेवा म्हणाले. मंग आमी सगळ्या बाहेर आलो आणि गाडीत बसून खाल्ली. आशाबाईची चप्पल पाण्यात गेली, तिच्यामागं ती गेली, तिले धरायले मी गेले...” इथं शालूबाईंना हसू आवरेना. “आणि ते मोठी लाट आली वरून!”

“लाट किती वेळानं येते?”

“मले काय मालूम! आली का ओरडायचं, एवढंच मालूम.”

इंद्रभानभाऊंनी पेन खाली ठेवलं. इतकी मोठी संधी आणि इतकी निष्काळजी माणसं. मग प्रतीक्षानं मोबाईलवरचे फोटो दाखवले. पाण्यात साडी चालत नाही म्हणून सगळ्या बायकांना तिथले भाड्याचे नायलॉनचे कपडे घालायला लावले होते. निळी विजार आणि पिवळा सदरा घातलेल्या शालूबाई, पदर नाही, कुंकू ओघळलेलं, दोन्ही हात वर आणि तोंड एवढं उघडं की मागचा सोन्याचा दात दिसावा. उलटी फिरणाऱ्या गाडीत त्या सगळ्यात पुढच्या बाकावर होत्या.

इंद्रभानभाऊंनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. एवढ्या वर्षांचा संसार झाला, पण हे तोंड त्यांच्या ओळखीचं नव्हतं. या बाईला एवढ्या मोठ्यानं ओरडता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण नेमकं काय ते जिभेवर येईना.

“या झुल्याले इंग्रजीत काय म्हणतात, मालूम आहे का तुले?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही,” शालूबाई म्हणाल्या आणि चहाचा कप घेऊन आत गेल्या.

नवी आवृत्ती उन्हाळ्याच्या तोंडाशी निघाली. मुखपृष्ठावर छापलं होतं: ‘प्रत्यक्ष अनुभवावर आधारित’. खाली दोन नावं, शालिग्राम घोंगटे आणि इंद्रभान किनगे. अनुभव कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. सावलीचा मुद्दा होता, गेटवर शिदोरी अडवतात हे होतं, चपला सांभाळाव्यात हेही होतं. आणि इंद्रभानभाऊंनी स्वतः एक प्रकरण नव्यानं घातलं होतं: ‘महिलांसाठी सूचना’. त्यात म्हटलं होतं की महिलांनी मोठ्या झुल्यांच्या मोहात पडू नये; सावलीत बसून सर्वांच्या पिशव्या सांभाळाव्यात, त्यातही एक आनंद असतो.

हे प्रकरण प्रेरणानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. शालूबाई कैऱ्या चिरत होत्या.

“पिशव्या सांभाळण्यात आनंद असते,” त्या म्हणाल्या. “बरं झालं सांगितलं. मले कधी आलाच नव्हता.” आणि त्यांनी आशाबाईंना फोन लावला.

प्रकाशन गावच्या वाचनालयात ठरलं. तारीख इंद्रभानभाऊंनी पंचांग पाहून काढली होती. पहिल्या रांगेत शालूबाईंनी नवी साडी नेसून बसावं, अशी त्यांची फार इच्छा होती. आदल्या संध्याकाळी शालूबाईच त्यांच्यापाशी आल्या.

“गाडी उद्या निघून राह्यली. या खेपेले ऋत्विकही येते. तुमी येता का?”

“उद्या? उद्या माझं प्रकाशन आहे!”

“ते परवा करा.”

“मुहूर्त आहे. घोंगटेसाहेब येऊन राह्यले शेगावहून. आणि मले तिथं जाऊन नवीन काय समजणार आहे?”

शालूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “मंग तुमी करा प्रकाशन,” त्या म्हणाल्या, “आमी येतो जाऊन.”

वाचनालयात ठिबकची उधारी असलेले बरेच शेतकरी आले होते. घोंगट्यांनी विवेकावर भाषण केलं. सरपंचांनी पुस्तकाची फीत सोडली. हार झाले, नारळ झाले. मग उत्तमराव उभे राहिले. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“किनगेभाऊ, ते गाडी जवा उलटी होते, तवा आतून कसं वाटते हो?”

इंद्रभानभाऊंनी घसा साफ केला. तिन्ही पुस्तकं त्यांच्या डोक्यातून सरसर गेली. त्यात उंची होती, वेग होता, वजन होतं, पट्टा कसा लावायचा ते होतं. हे कुठंच नव्हतं. शेजारी घोंगटे डोळे मिटून बसले होते.

“एक मिनिट,” इंद्रभानभाऊ म्हणाले, “घरच्यांले फोन लावतो. त्या तिथंच आहेत.”

फोन लागला. पलीकडून पाण्याचा धबधबा ऐकू आला, बायकांचा कल्ला ऐकू आला, कुणीतरी “ये व शालूबाई, आली, आली!” असं ओरडलं.

“हालो! काही ऐकू नाही येऊन राह्यलं!” शालूबाईंचा आवाज आला. “मंग बोलते!” आणि फोन कटला.

सगळं वाचनालय इंद्रभानभाऊंकडे बघत होतं. त्यांनी फोन कानावरून काढला नाही.

“हाव, हाव,” ते शांत, समजूतदार आवाजात बोलू लागले. “घाबरू नको. मी सांगतो तसं कर. पट्टा घट्ट लाव आणि समोर पाह्य. हाव. मी आहे ना.”

पुढच्या रांगेतल्या माणसांनी कौतुकानं माना हलवल्या, आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.